भर उन्हातले वायपर

दाजींनी चोरी केली ती बुधवारी सकाळी, ताई आंघोळीला गेल्या असताना. चोरी करताना त्यांच्या मनात तिळमात्र पाप नव्हतं. त्यांच्या ट्रकच्या डिझेल टाकीचं झाकण आदल्या दिवशी हरवलं होतं. पंपावर टाकी भरून घेताना त्यांनी ते बोनेटवर ठेवलं, पंपवाल्याशी गप्पा मारल्या आणि झाकण तिथेच आहे हे विसरून गाडी काढली. टाकीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबून ते घरी आले. बुधवारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर समोर फळीवर साखरेची मोठी बरणी होती. तिच्या लाल झाकणाकडे नजर गेली आणि दाजींच्या डोळ्यांनी तिथल्या तिथे माप घेतलं.

झाकण टाकीवर इतकं चपखल बसलं की दाजी स्वतःच खूश झाले. आत जाड रबराची रिंग होती, त्यामुळे हवेचा कणही आत शिरायचा नाही. 'धूळ नको, पाणी नको, कचरा नको,' असं म्हणत त्यांनी ते घट्ट पिळलं. ताईंच्या नजरेला पडू नये म्हणून वरून एक तेलकट फडकं बांधलं. हे सगळं अर्थातच तात्पुरतं होतं. दोन दिवसांत नवं झाकण आणायचं आणि हे गुपचूप जागेवर ठेवायचं. पण दाजींच्या तात्पुरत्याची व्याख्या जरा सैल होती. ट्रकच्या डाव्या दाराला हँडलऐवजी बांधलेली सुतळीसुद्धा तात्पुरतीच होती आणि तिला आता नऊ वर्षं झाली होती.

गुरुवारी साखरेला मुंग्या लागल्या.

"चिमीनेच नेलं!" ताईंनी तपासाशिवाय निकाल दिला. चिमी म्हणजे ताईंची धाकटी बहीण. ती सोमवारी येऊन गेली होती. "एरवी डबा नेते आणि झाकण विसरते. या वेळी झाकण नेलं आणि डबा विसरली!"

दाजी तेव्हाच बोलले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ताईंच्या हातात लाटणं होतं, आणि ज्याचं नाव निघालेलं नाही त्याने पुढे होऊन हात वर करावा असा मोठेपणा दाजींच्या अंगी नव्हता. ते म्हणाले, "असेल, असेल." आणि पेपर वाचू लागले.

रविवारी त्याच धाकटीचं घर हलवायचं होतं.

आता ट्रकबद्दल थोडं सांगायला हवं. सगळी गल्ली त्याला 'आजोबा' म्हणायची, कारण चालू होण्याआधी तो चांगला मिनिटभर खोकायचा, खाकरायचा आणि मगच कामाला लागायचा. सव्वीस वर्षं लोकांची घरं इकडून तिकडे नेऊन या आजोबांनी दाजींचं स्वतःचं घर चालवलं होतं. त्यांचा डिझेलचा काटा केव्हाच मेला होता. टाकीत काठी बुडवायची, किती ओली झाली ते पाहायचं, की कळलं डिझेल किती आहे ते. दाजींचा आजोबांवर जीव होता. ताईंचा जीव मात्र आजोबांनी पुरता विटवला होता. लग्नकार्य असो, दवाखाना असो, जिथे वेळेवर पोचायचं तिथे हमखास ते वाटेत बसकण मारायचे.

"हे बघा," रविवारी दुपारी निघताना ताईंनी स्पष्ट सांगितलं, "नव्या घराच्या मालकीणबाई पाचच्या गाडीने गावाला चालल्यात. पाचच्या आत किल्ली घ्यायचीय. माझ्या बहिणीसमोर आज तुमच्या या डब्याने माझी अब्रू घालवली ना, तर संध्याकाळी भंगारवाला येणार. नंबर घेऊन ठेवलाय मी."

"अगं, आजोबा आहेत ते!"

"असू दे. आजोबांना पण एक दिवस जावं लागतंच."

दाजींना एवढंच संकट पुरेसं होतं. त्यात भर म्हणजे साडूभाऊ. धाकटीचे हे यजमान लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होते. वरखाली जाणारी वस्तू सोडून आडवी चालणारी कुठलीही वस्तू त्यांना मागासलेली वाटायची. आजोबांना पाहिलं की ते कमरेवर हात ठेवून "अजून आहे का हा?" असं विचारायचे, आणि तेही प्रत्येक वेळी नव्याने आश्चर्य वाटल्यासारखं.

अडीच वाजता सामान चढलं. दाजी, ताई आणि धाकटी पुढे केबिनमध्ये बसले. साडूभाऊ मागे, दोरीने बांधलेल्या स्वतःच्या सोफ्यावर, दोन्ही हात पसरून बसले. रस्त्याने जाणारे लोक त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांना ते आवडत होतं.

पंधरा मिनिटं सगळं छान चाललं. मग एका शाळेसमोर आजोबांना ठसका लागला, दोन आचके बसले आणि ते शांत झाले.

"आधी डिझेल आहे का ते बघा," ताई म्हणाल्या.

टाकी रस्त्याच्या बाजूला होती हे दाजींचं नशीब. त्यांनी फडकं सोडलं आणि झाकण फिरवलं. 'फुस्स' असा आवाज झाला. आजोबांनी सुस्कारा टाकला असं दाजींना वाटलं. काठी घातली, ती जवळजवळ काठोकाठ ओली झाली. झाकण पुन्हा गच्च पिळलं. मग त्यांनी बोनेट उघडून फिल्टरवरचा नट सैल केला आणि छोट्या हातपंपाचा दट्ट्या खालीवर करायला सुरुवात केली. नटाशेजारून बुडबुड करत फेस आला, मग स्वच्छ डिझेल आलं.

"हवा धरली होती लायनीत," दाजी हात पुसत म्हणाले. "काढली. आता बघा."

सेल्फ मारला आणि आजोबा खोकून, खाकरून चालू झाले. दाजींनी विजयी मुद्रेने ताईंकडे पाहिलं, पण ताई जागेवर नव्हत्या. त्या मागे चढून एका खोक्याची सुतळी सोडत होत्या.

"काय करतेस गं ताई?" धाकटीने विचारलं.

"काही नाही, कपबशा फुटल्या नाहीत ना बघतेय," ताई म्हणाल्या. त्या खोक्यात उशा होत्या.

दाजींनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. ताई आज बहिणीच्या मदतीला आल्याच नव्हत्या, त्या झडतीला आल्या होत्या.

पुढची पंधरा मिनिटं झाली. उड्डाणपुलाच्या ऐन चढावर आजोबा पुन्हा बसले. मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. ताईंनी या वेळी स्वयंपाकघराचं खोकं हेरून ठेवलं होतं, त्या लगबगीने उतरल्या. जाता जाता म्हणाल्या, "डिझेल बघा हो!" दाजींनी झाकण उघडलं, फुस्स झालं, काठी घातली, झाकण लावलं. तेवढ्यात एक निवृत्त बसचालक सायकलवरून उतरले. कुणी बोलावलं नव्हतं, पण असल्या माणसांना बोलवावं लागत नाही.

"फिल्टर चोक झालाय," त्यांनी दुरूनच सांगितलं.

"नवाच आहे, मागच्या महिन्यातला."

"नवेच होतात चोक. चाळीस वर्षं बस चालवलीय मी. काढा बाहेर."

फिल्टर काढला. तो एखाद्या तान्ह्या बाळासारखा स्वच्छ होता. तरी बसचालकांनी तो झटकला, फुंकला, उजेडात धरून त्याच्याकडे संशयाने पाहिलं आणि परत बसवायला लावला. दाजींनी पुन्हा हातपंप मारून हवा काढली. सेल्फ मारताच आजोबा चालू झाले.

"बघितलंत?" बसचालक म्हणाले आणि छाती पुढे काढून सायकलवर बसले. पूल उतरेपर्यंत ते आजोबांच्या पुढे पुढे, मिरवणुकीच्या म्होरक्यासारखे जात होते.

"चार वाजत आले," धाकटी हळूच म्हणाली. मागून सोफ्यावरून आवाज आला, "दाजी, टेम्पो सांगितला असता तर आत्तापर्यंत माझा टीव्ही लागला असता!"

चार वाजून पाच मिनिटांनी, शहरातल्या सगळ्यात मोठ्या चौकात, सिग्नल हिरवा झाल्याक्षणी आजोबांनी तिसऱ्यांदा मान टाकली. या वेळी ताई उतरल्या नाहीत, डिझेल बघा असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी पर्समधून फोन काढला.

"हॅलो, भंगारवाले का? हो, ट्रक. नाही, चालू नाही. नव्या घराचा पत्ता लिहून घ्या, पाच वाजता तिथे या."

सव्वीस वर्षांचा सोबती, आणि त्याचा पत्ता असा भर चौकात लिहून दिला जात होता. दाजी उतरून वेड्यासारखे हातपंप मारू लागले. पण या वेळी बुडबुडा नाही की थेंब नाही. दट्ट्या वर उचलायला जावं तर आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखा जड लागत होता. दाजींनी नट सोडले, आवळले, पाइपावर टिचक्या मारल्या आणि शेवटी आजोबांच्या मडगार्डवर हात ठेवून म्हणाले, "असं करू नका हो." मग त्यांनी त्यांच्या नेहमीच्या, इंजिनाचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्रींचं गॅरेज चौकापासून जवळच होतं.

मिस्त्री येईपर्यंत साडूभाऊ सोफ्यावरून खाली उतरले. त्यांनी आजोबांभोवती एक फेरी मारली.

"दाजी, हा डिझेलचा प्रॉब्लेमच नाही. करंट तुंबलाय."

"ट्रकमध्ये?"

"कुठेही. लिफ्टमध्ये आम्ही रोज बघतो. करंटला काम दिलं नाही की तो रिकामटेकडा होतो आणि नको तिथे जाऊन बसतो. याला कामाला लावायचा. दिवे लावा, वायपर चालू करा, पंखा लावा. वाट मोकळी झाली की गाडी पळते."

"भावोजी, तुम्हीच बघा आता," ताई म्हणाल्या. "ह्यांनी दोन तास बघितलं."

साडूभाऊ ऐटीत केबिनमध्ये चढले.

एवढ्यात मिस्त्री स्कूटरवरून आले. मिस्त्री कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी पाने काढले नाहीत की बोनेटमध्ये डोकावलं नाही. दाजींना बाजूला घेऊन ते म्हणाले, "पहिल्यांदा बंद पडली तेव्हा काय काय केलंत? क्रमाने सांगा."

"काठीने डिझेल बघितलं. हवा काढली. चालू झाली."

"दुसऱ्यांदा?"

"काठीने डिझेल बघितलं. फिल्टर काढला. चालू झाली."

"आणि आत्ता?"

"फक्त हवा काढतोय, पण येतच नाही काही."

"काठी नाही घातली?"

"ही बोललीच नाही या वेळी 'डिझेल बघा' म्हणून. भंगारवाल्याशी बोलत होती."

मिस्त्री थेट ट्रकच्या रस्त्याकडच्या बाजूला गेले, टाकीपुढे उकिडवे बसले आणि त्यांनी फडकं सोडलं. लाल झाकण उन्हात झळकलं. त्यांनी ते फिरवायचा प्रयत्न केला, पण ते जागचं हलेना. दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा कुठे ते सुटलं, आणि असा लांबलचक फुस्स झाला की पलीकडच्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं.

"दाजी," मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाले, "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल पडतं का?"

"नाही. हवेसाठी दुसरं पाडावं लागतं."

"मग? टाकीतून जेवढं डिझेल जातं, तेवढी हवा वरून आत यायला नको? ट्रकच्या झाकणात त्यासाठी बारीक भोक असतं. तुम्ही हे ठासून बसवलंय. पंप बिचारा ओढतोय, ओढतोय, आणि शेवटी दमतोय. तुम्ही काठी घालायला झाकण उघडलंत की हवा आत, गाडी चालू. बाकी सगळं उगाच."

दाजी झाकणाकडे बघतच राहिले. दुपारपासून ते ज्या चोराला इंजिनमध्ये शोधत होते, तो बुधवारपासून त्यांच्याच हातचा होता.

"हे आहे कशाचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"साखरेच्या बरणीचं."

"वहिनींना माहीत आहे?"

दाजींनी नकारार्थी मान हलवली. मिस्त्रींनी ट्रकच्या खालून पलीकडे पाहिलं. तिकडे ताईंची पावलं अस्वस्थपणे येरझारा घालत होती. मिस्त्रींचा चेहरा एकदम मऊ झाला.

"गॅरेजच्या कॉम्प्रेसरला आमच्या हिच्या कुकरची शिट्टी बसवलीय मी," ते म्हणाले. "दोन वर्षं शोधतेय ती."

दाजींना मिस्त्रींबद्दल इतकं प्रेम याआधी कधी वाटलं नव्हतं. मग मिस्त्रींनी झाकणाच्या कडेखाली आगपेटीची एक काडी अडकवली, ते सैलसर ठेवलं आणि वर फडकं बांधलं. "हवेपुरती फट ठेवलीय. आता मुकाट्याने चालवा." उठून त्यांनी हातपंप मारला. डिझेल झुळुझुळू आलं.

नेमक्या त्याच वेळी केबिनमध्ये साडूभाऊंनी दिवे लावले, पंखा लावला आणि वायपर सुरू केले. कोरड्या काचेवर वायपर कर्र कर्र करत फिरू लागले. "दाजी, या! मारा सेल्फ!" ते ओरडले.

दाजींनी सेल्फ मारला. आजोबा खोकले नाहीत की खाकरले नाहीत, एका झटक्यात सुरू झाले.

"करंट!" साडूभाऊ गरजले. "मी म्हटलं नव्हतं?"

"अगंबाई!" ताईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. सव्वीस वर्षांत दाजींच्या वाट्याला न आलेली अशी एक नजर त्यांनी साडूभाऊंकडे टाकली. "मिस्त्री, बघितलंत ना?"

मिस्त्रींनी आधी दाजींकडे पाहिलं, मग आकाशाकडे. "असतं असतं, वहिनी," ते म्हणाले. "करंटचं काही सांगता येत नाही." आणि त्यांनी स्कूटरला किक मारली.

उरलेला रस्ता आजोबा घोड्यासारखे धावले. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, आणि वायपर डोळ्यांसमोर जिवाच्या आकांताने ऊन पुसत होते. एका वळणावर दाजींनी हळूच बटण बंद केलं.

"अहो! काय करताय?" ताई किंचाळल्या. "भावोजींनी सांगितलंय ना!"

दाजींनी बटण चालू केलं. पाचला दहा मिनिटं कमी असताना आजोबा नव्या घरासमोर उभे राहिले आणि मालकीणबाईंनी किल्ली धाकटीच्या हातात ठेवली. पाचच्या ठोक्याला भंगारवाला आला. त्याला रिकाम्या हाताने पाठवणं ताईंना बरं दिसेना. तेव्हा दाजींनी सुचवल्यावरून साडूभाऊंची व्यायामाची सायकल त्याला देण्यात आली. साडूभाऊ तिच्यावर कधीच बसले नव्हते, तरी ती जाताना त्यांचा चेहरा पडला. दाजींना तेवढाच गारवा वाटला.

पण गारवा टिकला नाही. आत ताई एका उघड्या खोक्यावर बसल्या होत्या. सतराच्या सतरा खोकी धुंडाळून झाली होती आणि लाल झाकण कुठेही नव्हतं. बघता बघता त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"चिमे, मी पापी आहे गं. पाठच्या बहिणीवर मी झाकणाचा आळ घेतला! मदतीच्या नावाखाली तुझी खोकी उचकत होते मी."

दाजींच्या काळजाला घरं पडली. आजोबा वाचले होते, पण ही बाई विनाकारण स्वतःला पापी म्हणवून घेत होती. आता मात्र बोलायचंच, लाटणं तर लाटणं, असं ठरवून ते दोन पावलं पुढे झाले. "अगं, ऐक, ते झाकण—"

"थांबा दाजी!" धाकटी हुंदका देत मध्येच म्हणाली. "मलाच बोलू द्या. ताई, झाकण मीच नेलं गं!"

दाजींचा आ तसाच उघडा राहिला.

"लालच ना? आत रबर होतं, तेच?" धाकटी डोळे पुसत विचारू लागली. "मीच नेलं असणार. तुझ्याकडून मी इतकं काही नेते की मला आठवत पण नाही. बसमध्ये विसरले असेन. तू रागावशील म्हणून मी मनातसुद्धा आणलं नाही."

"वेडे! एका झाकणासाठी मी रागावेन का तुझ्यावर?" गेले चार दिवस दुसरं काहीही न केलेल्या ताई म्हणाल्या. दोघी बहिणी गळ्यात गळा घालून रडल्या. धाकटीने त्याच आवेगात आपली कोरी करकरीत निळी बरणी ताईंना देऊन टाकली. गुन्हा कबूल झाला होता, माफी मिळाली होती, भरपाईही झाली होती. दाजींनी सावकाश तोंड मिटलं.

"ट्रक राहू दे हो," जाताना ताई स्वतःहून म्हणाल्या. "चांगला आहे तसा. फक्त भावोजींचं पथ्य पाळा."

घरी जाऊन दाजींनी लाल झाकणाला खिळ्याने एक बारीक भोक पाडलं. त्यानंतर आजोबा एकदाही बंद पडले नाहीत, आणि साडूभाऊंची कीर्ती पार त्यांच्या चुलत्यांपर्यंत पोचली. ताई गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून वायपर चालू आहेत की नाही ते बघत. शेजारच्या कुणी विचारलं तर त्याच उत्तर देत, "डिझेल नीट यावं म्हणून." पुढे वायपर बंद करावेत म्हटलं, तर ताईंच्या ओळखीचं कुणी ना कुणी रस्त्यात भेटायचंच. शेवटी दाजींनी नाद सोडला.

दहाबारा दिवसांनी, टळटळीत उन्हात दाजी सिग्नलला थांबले होते. समोरून एक तितकाच म्हातारा ट्रक आला आणि गर्दीत अडकून अगदी शेजारी उभा राहिला. त्याचे दिवे लागलेले होते आणि वायपर कर्र कर्र करत फिरत होते. दाजी बघतच राहिले. त्या ट्रकच्या चालकाशेजारी एक बाई बसल्या होत्या आणि पलीकडच्या दुकानांच्या पाट्या वाचत होत्या.

"मिस्त्रींचं औषध का?" दाजींनी खिडकीतून विचारलं.

"हो," चालक म्हणाला. "त्यांनी हिच्यासमोर बजावून सांगितलंय, वायपर बंद करायचे नाहीत. तेव्हापासून एकदम फरक आहे." आणि त्याने नजर चुकवली.

दाजींनी खिडकीबाहेर मान काढली, बाईंकडे एकदा पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "कशाचं?"

चालकाने ओठांतल्या ओठांत उत्तर दिलं, "थर्मासचं."